पिवळी कपार

दगडांविषयी बोलताना मामांचा आवाज आपोआप खाली यायचा. शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसा. एरवी नांदेडच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवताना ते वर्ग दणाणून सोडत. पोरं त्यांना पत्थरमास्तर म्हणत. मी त्यांची भाची, शिकायला त्यांच्याकडे राहिलेली. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं.

मामींचं माहेर किनवटच्या बाजूला, पैनगंगेजवळच्या एका खेड्यात. गावामागे वाळूच्या दगडाची टेकडी होती. दर सुट्टीत सासुरवाडीचा चहा निवायच्या आत मामा तिकडे निघत. "माझ्या बापापेक्षा यांना तो डोंगर जवळचा," मामी म्हणत, पण भाकरीचं गाठोडं त्याच बांधून देत.

टेकडीची ती बाजू फळ्या रचल्यासारखी दिसायची. एक थर पुढे आलेला, त्याखालचा आत खचलेला. कुठे कुठे मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मामा सांगत, "ही वाळू कधीकाळी पाण्याखाली बसली. काही थरांत कण घट्ट चिकटले, काहींत सैल राहिले. पाऊस आत मुरतो, सैल थरातला चिकटा धुऊन नेतो. ऊन पडलं की आतला खार फुगतो, कण ढिले करतो. मग वारा नेतो. अशी कपार तयार होते." जरा थांबून म्हणत, "अन् हे सरलं न्हाई. आपण बोलून राहिलो, तेव्हाबी चालूच हाय."

भिंतीचा रंग बघायलाही त्यांनीच शिकवलं. काळपट, शेवाळलेली भिंत पुष्कळ वर्षं जागची हललेली नसते. पिवळी, कोरी भिंत दिसली की तिथून नुकताच तुकडा सुटलेला, आणि वरचा थर आधाराशिवाय लोंबतोय.

त्या राज्याच्या शेवटच्या पावसाळ्यात रोज कुठली तरी वस्ती जळाल्याची बातमी यायची. शहर सोडून आम्ही मामींच्या माहेरी आलो. काही दिवसांनी तिथेही राहण्यात अर्थ उरला नाही. नदी ओलांडून वऱ्हाडात जायचं ठरलं. गावातली काही घरं आमच्याबरोबर निघाली. पण नदीला पूर आलेला. नावाडी तयार होईना. भर पावसात सगळे टेकडीच्या आडोशाला धावले.

तिथे एक कपार उंच, ऐसपैस आणि कोरडी होती. लोक तिच्यात शिरले. मामांनी वर पाहिलं, खाली सांडलेली ताजी वाळू पाहिली आणि म्हणाले, "हितं न्हाई थांबायचं. पलीकडच्या काळ्या कपारीत चला."

पलीकडची कपार बुटकी होती. निम्मी माणसं भिजणारच होती. मामींचा भाऊ चिडला. "मास्तर, ही शाळा न्हाई. पोरं कुडकुडून राहिलीत."

"कुडकुडू द्या. जिती राहतील."

कुरकुरत सगळे हलले. मामींची गुडघ्यांनी अधू झालेली चुलती तेवढी मागे राहिली. "मी न्हाई हलत बाबा. मला लई कळा येऊन राहिल्यात."

मामींनी नवऱ्याचा दंड धरला. "पाऊस थांबू द्या, मग आणू."

"थांबल्यावर उशीर होईल," असं म्हणून ते गेले. काकूला पाठुंगळी घेऊन कपारीच्या तोंडाशी आले, तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. त्यांनी तिला पुढच्या चिखलात ढकलून दिलं. थर खाली आला. त्याची कड मामांच्या पाठीवर बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तरी नदी उतरली नव्हती. मामांना कमरेखाली काही कळत नव्हतं. दुपारी त्यांनी विचारलं, "काकू कशी हाय?"

"बरी हाय. भाकर खाल्ली तिनं," मामी म्हणाल्या.

"हाव?" एवढंच ते बोलले. सांज होण्याआधी गेले. नदीच्या अलीकडेच त्यांना अग्नी दिला. मामी आमच्याबरोबर पलीकडे उतरल्या, त्यांच्याविना.

पुढे राज्य बदललं, आम्ही नांदेडला परतलो. मीही शिक्षिका झाले. एकदा कुणी पाहुणे हळहळत म्हणाले, "ज्या दगडांवर एवढा जीव लावला, त्यांनीच घात केला मास्तरांचा."

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दगडाला कशाला बोल लावता? तो पडनार, हे त्यांना ठावं होतं. म्हातारीला तिथं सोडवलं न्हाई त्यांच्यानं."