जर्मन शिपायाचा बिल्ला

काकूंचं नाव आधी घ्यायला हवं, पण नाव लिहिलेलं त्यांना खपणार नाही. म्हणून नुसतं काकू. कलकत्त्यात मी उपाशी मेलो नाही ते त्यांच्यामुळे. सातवीत शाळा सोडून सातारा जिल्ह्यातून इकडे आलो, एस्प्लनेडच्या मागे सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात लागलो. मालकाच्या ओळखीनं बागबाजारातल्या एका मराठी घरी रात्रीचं जेवण ठरलं. नात्याचे नव्हेत, गोत्याचे नव्हेत. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "तिखट किती खातोस?" आणि मला रडूच फुटलं. त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही. पान वाढत राहिल्या.

आता त्यांच्या मुलाविषयी. मी त्याला दादा म्हणे, अहोजाहो करी. तो मला अरेतुरे. जन्म कलकत्त्याचा, कॉलेजात शिकणारा, बंगाली अशी बोलणारा की दुकानदार त्याला बंगालीच समजत. मराठी मात्र जरा अडखळत बोले. तेवढ्या एका बाबतीत मी त्याच्यापेक्षा वरचढ होतो, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी किती दिवस काढले म्हणून सांगू.

आम्हा दोघांना नाद एकच, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वस्तू जमवण्याचा. माझा गावापासूनचा. आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत. इटलीतून परत आलेले लोक देवळाच्या कट्ट्यावर बसून जर्मन पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचा गरुड, असलं काहीबाही दाखवत. भरतीला मीही उभा राहिलो होतो, पण छाती भरली नाही. निदान त्या वस्तू तरी आपल्या असाव्यात असं वाटे. दादाला हा नाद कसा लागला कोण जाणे. त्याला हौस पुष्कळ, आणि हौस पुरवणारेही पुष्कळ. त्याच्याकडे काचेचं कपाट होतं, माझ्याकडे बिस्किटाचा डबा. त्याच्याकडे जर्मन शब्दकोश होता. दर रविवारी तो कपाट उघडून मला वस्तू दाखवी, समजावून सांगी. मी "वा, वा" म्हणे आणि खोलीवर जाऊन माझा डबा उघडतही नसे.

एस्प्लनेडच्या फुटपाथवर लष्करी माल विकणारा एक जण बसे. बूट, पाण्याच्या बाटल्या, कांबळी. एकदा त्याच्याकडे इटलीहून आलेल्या कुणा शिपायाची अख्खी थैली विकायला आली. मी दुकानातून सुटून धावत पोचलो तर तो हसून म्हणाला, "देर कर दी, भाई. तुम्हारा दादा सुबह ही आ गया." दादाला त्यानं आधीच निरोप धाडला होता. मला का नाही? थैलीतलं उत्तम ते गेलं होतं: जर्मन शिपायाचं नोकरीचं पुस्तक, फोटो लावलेलं, शिक्के मारलेलं, त्याची पलटण, पगार, इस्पितळ, सगळं आत लिहिलेलं. असं पुस्तक मी स्वप्नात पाहत होतो. मला उरला तो जस्ताच्या पत्र्याचा एक लंबगोल तुकडा, जर्मन शिपाई गळ्यात घालतात तो ओळखीचा बिल्ला. दादानं तो मळकट म्हणून टाकला होता. त्यानं टाकलेलं मी उचललं, हेही मला डाचत होतं.

खंडेनवमीला काकू पाटावर शस्त्रं मांडत. शस्त्रं म्हणजे विळी, कात्री, काकांची छत्रीसुद्धा. त्या वर्षी बाहेर दुर्गापूजेच्या नवमीचे ढाक, बंगाल्यांचे मोठे ढोल, दणाणत होते, दुकानाला पूजेची सुट्टी होती. काकू म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं ते लढाईचं सामान आणा. वर्षातनं एकदा तरी त्याला देवाचा हात लागू दे." दादानं पुस्तक आणलं, मी बिल्ला. काकूंनी बिल्ला उचलला आणि चिंचेच्या वाटीत बुडवायला निघाल्या.

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"अगं आई, घासला की गेला तो!"

"बरं बाई, राहू दे मळका. पण मला एक सांगा, ह्यांचा धनी जिवंत आहे ना? मेलेल्याची वस्तू मी पूजेत ठेवायची नाही."

दादा हसला. "आई, लढाईतला शिपाई तो. मला काय ठाऊक?"

"मग ते पुस्तक उचल."

मला गावातल्या कट्ट्यावर ऐकलेलं आठवलं. "काकू, माझा चालेल," मी म्हणालो. "ह्या बिल्ल्याला मधोमध भोकांची ओळ आहे बघा. माणूस मेला की इथनं मोडतात, अर्धा त्याच्याबरोबर पुरतात, अर्धा वर कळवायला नेतात. हा अख्खा आहे. निदान गळ्यातनं काढला तेव्हा तरी माणूस जिवंत होता."

"मग असेलच कुठेतरी," काकू म्हणाल्या आणि बिल्ला पाटावर ठेवला. माझा बिल्ला पाटावर, दादाचं पुस्तक त्याच्या हातात. त्या घरात पहिल्यांदाच त्याचं मागं राहिलं होतं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी.

दादाला ते सोसेना. त्यानं बिल्ला उचलून खिडकीपाशी नेला, त्यावर ठोकलेली अक्षरं आणि आकडा पुटपुटत वाचला. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथं ज्याचं पुस्तक त्याच्या बिल्ल्यावर काय ठोकलंय तेही लिहिलेलं असतं. अक्षर न् अक्षर तेच. आकडा तोच.

"एकाच माणसाचं आहे," तो म्हणाला.

"अरे वा!" काकूंनी पुस्तक त्याच्या हातून घेतलं, बिल्ल्याशेजारी ठेवलं, दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. "झालं. आता उद्या पूजा हलवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पुस्तकाच्या कव्हरवर कुंकू पडलं तिकडे दादाचं लक्षच नव्हतं. तो जोडीकडे बघत होता, मीही. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्यानं विषय काढला.

"तो बिल्ला मला दे. हवी ती वस्तू घे कपाटातली."

"नको, दादा."

"अरे, माझ्या पुस्तकाचा आहे तो."

"पुस्तक माझ्या बिल्ल्याचं आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "माझ्या बिल्ल्यामुळे तुमचं पुस्तक पाटावर आलं. नाहीतर हातातच राहिलं असतं."

दादाचे कान लाल झाले. "आमच्या घरात जेवतोस," तो म्हणाला, "आणि माझ्याशीच चढाओढ?"

काकू स्वयंपाकघरात होत्या. मी पानावरून उठलो, हात धुतला आणि निघालो. पूजेच्या गर्दीतून चालत सियालदहजवळच्या माझ्या खोलीवर आलो. भूक होती. पण भुकेपेक्षा भीती मोठी होती. उद्यापासून कुठं जेवायचं? दुकानाच्या मालकाला कळलं तर? एका पत्र्याच्या तुकड्यासाठी मी पान सोडलं होतं. आणि इतकं होऊनही मनात एकच, तो आता पाटासमोर एकटा बसला असेल. त्याची आई त्याला वाढत असेल.

दसऱ्याला सकाळी मी गेलो नाही. दुपारी खोलीच्या दारात काकू उभ्या. मागे काका, डोक्यावर रुमाल टाकून, कारण छत्री अजून पाटावर. काकू घरातून एकट्या कधी निघत नसत आणि ट्रामला तर फार भीत.

"काय रे, पूजा हलवायची खोळंबलीय," त्या म्हणाल्या. "ज्याची वस्तू त्यानं आपल्या हातानं उचलायची असते. मी तुझी उचलायची काय?"

"काकू, दादा म्हणाले..."

"काय म्हणाला ते ऐकलंय मी. त्या घरात पानं कोण मांडतं? तो?"

मागून काका म्हणाले, "चल बाबा. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्न नाही. विळीसुद्धा पाटावर अडकलीय, भाजी कशानं चिरायची?"

घरी गेलो. काकूंनी अक्षता टाकून पूजा हलवली. मी बिल्ला उचलला. दादानं पुस्तक उचललं. मग काकूंनी कांचनाची पानं आणली. इकडं आपटा कुठला, म्हणून हीच सोनं. एक पान दादाच्या हातात देऊन त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. दादानं ते पान पुस्तकावर ठेवलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरली.

"घे, सोनं घे. काल बोललो ते बोलायला नको होतं. जोडी तुझ्याकडेच राहू दे."

मी बघतच राहिलो. ज्या वस्तूसाठी मी रात्रभर जळलो, ती त्यानं सुपारी द्यावी तशी दिली. चेहऱ्यावर आठी नाही. वर हसून म्हणाला, "नाहीतरी आता मी हेल्मेटच्या मागे आहे. एक खलाशी आणणार आहे." मी पुस्तक घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. पुस्तक मिळालं, पण असं देता येणं मला कुठून मिळणार? ज्याला काही कमी पडलं नाही त्यालाच ते जमतं, असं मी मनाला समजावलं. मग पाहिलं, तर काकूंनी मान वळवून पदरानं डोळे टिपले. त्याला ते सोपं गेलं नव्हतं आणि त्यांना ते कळलं होतं. मला नव्हतं कळलं. त्या त्याच्या आई होत्या, माझ्या नव्हत्या, आणि तरी माझ्यासाठी आपल्या मुलाच्या हातून त्यांनी हे काढून घेतलं.

त्या दिवशी आम्हा तिघांना वाढून काकू शेवटी बसल्या, रोजच्यासारख्याच, उरलेल्या गार आमटीभातावर.

हे लिहितोय तेव्हा मी कलकत्त्यातच आहे. दुकानात आता कारकून आहे, पुढच्या वर्षी दोन खोल्या घ्यायचा विचार आहे. दादा परदेशी गेला. त्याचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. पण काकू, माझी चूल पेटली की पहिलं पान तुमचं. तुम्ही पाटावर बसायचं, मी वाढायचं, भात वाफाळता असेल, आणि तुमचं जेवण होईपर्यंत त्या घरात दुसरं कुणी जेवणार नाही. हे तुमचं माझ्याकडे राहिलंय. एक दिवस फेडीन.