दरीत पडलेला मिशाळ

कड्याच्या, विहिरीच्या, अगदी स्टेशनच्या फलाटाच्या कडेशी गेला, तरी हा माणूस आधी खाली बसायचा. मग दोन्ही हात जमिनीला टेकून पुढं वाकायचा. शेजारी कुणी उभा असला तर त्याच्या धोतराचा सोगा ओढून म्हणायचा, "आदी बस, मग बघ. दरी कुटं पळून जात न्हाई."

तुम्ही त्याला लोणावळ्याच्या बाजारात पाहिलं असतं, तर पुन्हा वळून पाहिलं नसतं. कुसगावचा भातशेती करणारा, बुटका, गुडघ्यांत जरा बाकलेला. सगळे त्याला आबा म्हणत. पण आसपासच्या कड्यांवरून कुणी घसरलं, गवत कापणारी बाई असो, मध काढणारा असो की हवा खायला आलेला पाहुणा, तर पाटलाचा माणूस धावत सुटायचा तो याच्याच घराकडं. आबा कमरेला दोर बांधून दरीत उतरायचा आणि खालच्याला पाठीशी बांधून वर आणायचा. जिवंत असो, नसो.

मी त्याला उतरताना एकदाच पाहिलं, नागफणीच्या कड्याच्या अंगाला. पाय ठेवायला जागा नाही, आणि हा आपला पायरी उतरावी तसा चाललेला. उतरता उतरता सारखा ओरडत होता, "हलू नको रं! मी आलोच!" खालच्या माणसात काही उरलं नव्हतं, हे वरून आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

वर आल्यावर मी विचारलं, "आबा, तो तर गेलेला होता. हाका कुणाला मारत होता?"

"गेला असंल," आबा दोर गुंडाळत म्हणाला. "पर कुनीतरी येतंय, येवढं तरी त्याच्या कानावर पडाया नको व्हय?"

मी गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा जुना स्वभाव आहे. त्यातलं एक गप्प बसणं आज सांगून टाकतो.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी विशीतला होतो आणि बाजारामागच्या तंबूत सिनेमाचं यंत्र चालवत होतो. शहरात बोलपट आले होते, आमचं यंत्र अजून मुकंच होतं. मुख्य खेळाच्या आधी मालकानं एक छोटं, हातानं चितारलेलं विनोदी कार्टून-चित्र लावलं होतं. अमेरिकेतल्या घोडेस्वारांचं. एक घोडेवाला, एक पोरगी आणि अंगापेक्षा मिशा मोठ्या असा एक दरोडेखोर. पाठलाग होतो, पिस्तुलं उडतात. मिशाळ कड्याच्या पुढं नुसत्या हवेत चार पावलं चालत जातो, खाली बघतो आणि मगच पडतो. तळाशी पेटीच्या भात्यासारखा चेपतो आणि लगेच उठून, भाता उघडावा तसा ताणत ताणत पुन्हा उभा राहतो. वर घोडेवाला पोरीला घेऊन निघून जातो. संपलं.

मी ते इतक्या वेळा फिरवलंय की त्याचे गुणदोष झोपेतही सांगेन. घोडा बघावा तर असा. मालकापेक्षा शहाणा, डोळे मिचकावणारा, वळणावर चारही पाय एकमेकांत अडकवून पुन्हा सोडवणारा. त्याच्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत. पण गोष्ट फाटक्या गोधडीसारखी, आणि पोरीला किंचाळण्याखेरीज काम नाही. मागचा देखावा तर तोच तो. आबानं पहिल्याच दिवशी ते धरलं. "काय रं मशीनवाल्या, ह्यो निवडुंग मगाशीच गेलता की! घोडं जाग्यावरच पळतंय!"

तंबू हसला. पण मिशाळ पडला तेव्हा आबा हसला नाही. जमिनीवर बसला होता, तो गुडघ्यांवर उठला आणि पडद्याकडं बघून ओरडला, "हलू नको रं! मी आलोच!" तेवढ्यात मिशाळ आपणहून उभा राहिला. आबाचं तोंड उघडंच राहिलं. देवळात गाभाऱ्यासमोर राहतं ना, तसं.

खेळ संपायची वाट न बघता तो माझ्याकडं आला. "चितारनाऱ्यानं येक लय मोटं काम केलंय. पडला त्यो उटला. माज्या हातनं असं कंदी झालं न्हाई."

"आवडलं म्हणायचं!"

"खोट बी हाय. त्यो घोडेवाला वाकून बघत सुदीक न्हाई. वैरी असला म्हनून काय झालं? हाक नको माराया?"

मग तो वरचेवर येऊ लागला. मुख्य खेळ कधी पाहिला नाही. "त्यो रडका शिनेमा तुमास्नी ऱ्हाऊ द्या," म्हणायचा आणि उठून जायचा. पण मिशाळ पडला की त्याची हाक ठरलेली. आधी लोकांनी चेष्टा केली. पुढं पुढं सगळा तंबू त्याच्याबरोबर ओरडायला लागला. बाया, हमाल, टांगेवाले, सगळे. मी यंत्रामागं उभा असायचो आणि अंगावर काटा यायचा.

आणि तोच मी दुपारी कात्री घेऊन बसायचो. हॉटेलातल्या मित्रांना फिल्मचे तुकडे हवे असत, उन्हाकडं धरून बघायला. सगळ्यांत देखणा तुकडा मिशाळ उठतो तोच. बोटभर कापायचा, जोड द्यायचा. कोणाला कळतंय? मित्रांत माझा भाव वाढत होता. आबा एवढंच म्हणाला, "आताशा लवकर उटतोय. बरं हाय." एका दुपारी उरलासुरला तुकडाही मी कापून देऊन टाकला.

त्याच संध्याकाळी आबा आला. अंगरखा चिखलानं माखलेला. मिशाळ पडला. आबा ओरडला, तंबू ओरडला, आणि पडद्यावर एकदम घोडेवाला पोरीला घेऊन निघाला. लोक हसले, विसरले. आबा मात्र ओरडतच राहिला. एकटा.

मग यंत्रापाशी आला. "आज उटला न्हाई रं?"

"पट्टी तुटली, आबा."

"म्हंजी त्यो खालीच हाय."

मी मान खाली घालून यंत्रावरची काजळी पुसत राहिलो.

सकाळी कळलं. आदल्या दिवशी कुसगावचा एक तरुण गवत कापताना घसरला होता. आबानं त्याला जिवंत पाठीवर घेतला, आणि वर येईपर्यंत तो पाठीवरच गेला. वर दोर धरायला त्या तरुणाचा सख्खा भाऊ होता. त्यानं तेव्हापासून तोंड उघडलं नव्हतं.

मित्रांच्या हातापाया पडून मी मिळाले तेवढे तुकडे गोळा केले आणि कुसगावला गेलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून.

आबा खळ्यावर होता. भोवती चारसहा माणसं, त्यांत तो भाऊ, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. आबा त्यांना ते चित्र करून दाखवत होता. घोडा आबाच, घोडेवाला आबाच, मिशाळही आबाच. हवेत चार पावलं चालला, खाली बघितलं आणि धाडकन पालथा पडला.

लोक हसले. आबा उठला नाही.

हसणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. आबा तसाच, गाल मातीला लागलेला. माझा हात खिशात होता, तुकड्यांवर.

भावानं डोकं वर केलं. आबाकडं सरकला. मग म्हणाला, "आबा... उटा."

आबा हलला नाही.

"आबा! उटा की वो!" त्यानं हंबरडाच फोडला.

तेव्हा कुठं आबाची पाठ बोटभर वर आली. मग खांदे. मग भात्यासारखा ताणत, कण्हत, मिशीतलं भाताचं तूस फुंकत तो हळूहळू उभा राहिला. भाऊ रडत होता आणि रडता रडता हसत होता.

मी खिशातून हात काढला नाही. आल्या वाटेनं परत फिरलो.