आमचं लग्न बांधीत टांगलेलं होतं

आमच्या लग्नाची फिल्म केशोरीच्या पोपटांनी आठवडाभर पाहिली आणि त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली नाही.

तक्रार होती माझ्या बायकोची, सुनंदाची, आणि तीही फिल्मबद्दल नव्हे, माझ्याबद्दल. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळी मला तिचं नावच आठवलं नाही, तिच्या मामीने मागून सांगितलं, असं ती आठ वर्षं सांगत आली होती. बारशाला, वास्तूला, एकदा तर तेरवीलासुद्धा! सासुरवाडीला, म्हणजे चोरखमाऱ्याला, मी पंगतीत बसलो की वाढणाऱ्या बायका आधी बायकोचं नाव विचारायच्या आणि मगच भात वाढायच्या. मी नाव न अडखळता, खणखणीत घेतलं होतं, हे माझं म्हणणं ऐकून घ्यायला तिथे कुणालाच फुरसत नव्हती.

त्यात माझा साळा मुन्ना स्वतःच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं निमंत्रण द्यायला गोंदियाला आमच्या घरी आला. नवरीचं नाव आतापासूनच पाठ करून राहिलो, नाही तर भाऊजींसारखं होईल, असं तो चहा पिता पिता म्हणाला. माझं डोकं फिरलं. पुरावाच दाखवतो म्हणालो आणि कॉम्प्युटर लावला.

पुरावा माझ्याकडे होताच. मागच्या वर्षी मी ती फिल्म डीव्हीडीवरून कॉम्प्युटरवर घेतली होती आणि तिथून इंटरनेटवर चढवली होती. आता घरात डिस्कची अडगळ कशाला, सगळं नेटवर असतं, असं भाषण ठोकून साऱ्या डिस्क पिशवीत भरून केशोरीला बाबांकडे पाठवल्या होत्या. (पुढे कॉम्प्युटर मी स्वतःच्या हाताने फॉर्मॅट केला. नेटवर आहेच की!)

फिल्म लागली. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. व्हिडिओवाल्याने वरातीवर सिनेमातलं एक गाणं चिकटवलं होतं. त्या गाण्यावर मालकाचा हक्क आहे म्हणून साइटने अख्ख्या फिल्मचाच आवाज बंद करून टाकला होता. उखाण्याच्या जागी मी नुसतं तोंड उघडत होतो आणि मिटत होतो.

"पाहा," मुन्ना म्हणाला, "नाव आठवून राहिले."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी केशोरी गाठली. बाबांना डिस्कची पिशवी मागितली, तर पिशवी होती, डिस्क नव्हत्या. आठवड्यापूर्वी त्यांनी त्या धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, टांगल्या होत्या. धान भरत आलं होतं, पोपटांचे थवे उतरत होते.

"काऊन टांगल्या बाबा?"

"तूच तं म्हणलास, कचरा हाये म्हून. आन भोक आयतंच हाये."

बांधीत बांबूबांबूला चाळीसेक डिस्क चमकत होत्या. पँट गुडघ्यापर्यंत वर करून मी चिखलात उतरलो आणि एकेक डिस्क उलटून पाहू लागलो. टायपिंग शिका, भजनं, बुद्धिबळ, पुन्हा टायपिंग शिका. शेजारच्या बांधीतल्या बाया काम सोडून माझ्याकडे पाहत होत्या. एकतिसाव्या बांबूवर आमचं लग्न सापडलं! डिस्कवर छापलेल्या फोटोतला मी पावसाने धुऊन निघालो होतो, सुनंदा शाबूत होती. बाबांनी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून बजावलं, नेतोस तर बदल्यात काहीतरी टांग. मी डब्याचं झाकण टांगून आलो.

संध्याकाळी घरी डिस्क मऊ फडक्याने पुसून प्लेअरमध्ये घातली. सुनंदा आणि मुन्ना समोर बसले. फिल्म हळदीला अडकली, वरातीला अडकली. मी हात जोडले. ती पुढे सरकली, आणि आवाजासकट! पडद्यावर मी माइक घेतला:

"चोरखमाऱ्याचं पाणी येते पाटापाटाने, सुनंदाचं नाव घेतो मोठ्या थाटाने!"

मामी नाही, अडखळणं नाही, काही नाही. मी तीनदा मागे घेऊन दाखवलं. मुन्ना उठून पाया पडला. सुनंदा खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं." आठ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझे डोळे खरोखर भरून आले, आणि त्या आनंदात प्लेअर बंद करायचं राहून गेलं.

फिल्म चालूच होती. पडद्यावरचा मी खाली बसलो. माइक हातातच होता, आणि चालू होता. मी माझ्या मित्राच्या, दिलीपच्या कानाला लागलो.

"काऊन बे दिलीप, सुनंदाच होतं नं?"

"थांब," दिलीप म्हणाला, "पत्रिका पाहून सांगतो."

त्या डीव्हीडीच्या आता सहा कॉप्या आहेत. सुनंदाने स्वतः उभं राहून काढून घेतल्या. एक सासूबाईंकडे, एक मामीकडे, बाकीच्या कुणाकुणाकडे हे मी विचारलं नाही; मूळ डिस्क कपाटात दागिन्यांच्या डब्यात आहे. फिल्म आता हरवायची सोय नाही. इज्जत मात्र एकच होती, आणि तिची कॉपी काही मी काढून ठेवली नव्हती.