पेटीतले अप्पा

आमची मराठी बोलायची, लिहायची नाही. तंजावरातल्या आमच्यासारख्या घरांतून हे असंच चालत आलं. घरात मराठी, बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. देवनागरी मी पन्नाशी उलटल्यावर हिंदीच्या वर्गात बसून शिकले, म्हणून आज हे लिहिते आहे. तरुणपणी मला मराठीत चार ओळींचं पत्र लिहिता येत नव्हतं आणि आमच्या ह्यांनाही नाही. लग्नानंतर हे जहाजावर विजेच्या कामाला लागले तेव्हा त्याची मोठीच पंचाईत झाली.

पहिलं वर्षभर ह्यांनी तमिळमध्ये पत्रं धाडली. अक्षर सुरेख, पण मजकूर तालुका कचेरीतून आल्यासारखा. 'तेथे सर्व क्षेम असेल अशी आशा करतो.' ज्या माणसाशी मी घरात कधी तमिळ बोलले नव्हते, तो माझी अशी विचारपूस करायला लागला की माझं डोकंच फिरे. असली पत्रं पाठवायची असतील तर पाठवूच नका, असं मी उलट टपाली कळवलं. तेही तमिळमध्येच. पुढच्या रजेवर हे दोन टेपरेकॉर्डर घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा परत जाताना बरोबर नेला. तेव्हापासून आमच्याकडे पत्रं बंद झाली आणि कॅसेट सुरू झाल्या.

प्रत्येक कॅसेटची सुरुवात ठरलेली. आधी एक खोकला. मग माइकवर दोनदा फुंकर, फू फू. मग, "सुरू झालं कां? हां." ह्यांना जहाजभरच्या तारा कळत, पण समोरचं यंत्र सुरू झालं की नाही ते फुंकल्याशिवाय कळत नसे. मी त्यावरून पुष्कळ चिडवलं. काही फरक पडला नाही.

जहाज गोऱ्या प्रवाशांना बंदरोबंदरी फिरवून आणणारं. प्रवासी उतरले की बसमध्ये बसून देवळं, राजवाडे बघायला जात. ह्यांना मिळाले तर तीन-चार तास मिळत, आणि त्यात एक पैसाही मोडायचा नाही हा ह्यांचा निश्चय, कारण धाकट्या बहिणीचं लग्न डोक्यावर होतं. मग हे नुसते पायी फिरत आणि जहाजावर परत आल्यावर कॅसेटमध्ये मुलींना सांगत. सांगण्याची तऱ्हाही अशी, की दोन्ही मुली बरोबर होत्या असं धरून चालायचं. "आज आमचं जहाज पिनांगला लागलं. आपण तिघं बागेत गेलों. इथं बदकं अहेत. पाव मी नाश्त्यातला खिशात ठेवला होता. थोरलीने सगळा पाव बदकांना घातला. पापा म्हणाली, बदकांना नक्को, मला दे." पापा म्हणजे आमची धाकटी. तिचे हट्ट मी माझ्या कॅसेटमधून कळवलेले असत, ते हे दुसऱ्या देशातल्या बागेत नेऊन तिच्याकडून करवून घेत.

गंमत अशी की ती तिथे हट्ट करत फिरत होती आणि इथे तिने बापाला पाहिलेलं नव्हतं. हे गेले तेव्हा ती पाच महिन्यांची होती. त्यानंतर रजा दोनदा पुढे गेली. पुढे गेली म्हणजे काय, ह्यांनीच "थांबतो" म्हणून सांगितलं. लग्नाचं कारण खरं होतं, तरी मी एका कॅसेटची अख्खी बाजू भरून भांडले होते. मध्ये एकदा जहाज मद्रासला लागलं. दोघींना घेऊन मी तिथवर गेले आणि नेमका त्याच दिवशी जहाजावर काही बिघाड झाला, ह्यांना उतरूच दिलं नाही. आम्ही कुंपणाबाहेरून धुराडं बघून परत आलो. थोरलीने आठवडाभर तोंड फुगवलं. धाकटीला काहीच वाटलं नाही. तिचे अप्पा घरीच होते, कपाटावरच्या पेटीत, म्हणजे टेपरेकॉर्डरमध्ये. झोपायच्या आधी ती "अप्पा" म्हणायची, मी पेटी खाली काढून तिच्यापुढे ठेवायची, आणि बटण तीच दाबायची.

ती अडीच वर्षांची झाली तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नवा निघाला होता. तिथे ह्यांचा फोन आला. जहाज कोच्चीला लागतंय, बारा ते साडेचार मोकळीक आहे, येशील का? मी पापनाशमच्या शाळेत शिकवत होते. हेडमास्तरांकडे दोन दिवसांची रजा मागितली आणि त्यांनी तोंड वाकडं करायच्या आत बाहेर पडले.

लेकरांना घेऊन स्वस्तात बंदर कसं गाठायचं, ते मी मद्रासच्या फेरीत शिकले होते. पहिली गोष्ट, लॉज घ्यायचा नाही. तिरुच्चीहून रात्रीची गाडी थेट कोच्चीच्या बंदराच्या बेटावर जाते, तिकीट हातात असलं की वेटिंग रूम आपलीच. दुसरी गोष्ट, चिंचेचा भात. दोन दिवस टिकतो, सांडला तर झटकून खाता येतो. तिसरी, मुलींना दाखवायला पैसे लागतील असं काही शोधायचंच नाही. अर्थात ही तिसरी अक्कल माझी नव्हती. ती कॅसेटमधून आली होती.

सकाळी वेटिंग रूममध्ये दोघींना आंघोळी घातल्या, वेण्या घातल्या, तंजावरहून ओल्या फडक्यात आणलेली मल्लिपू, मोगऱ्याची फुलं, माळली. बारा वाजायला अवकाश होता, म्हणून सरकारी बोटीत बसलो. तिकीट इतकं थोडं की मी दोनदा विचारून घेतलं. पलीकडच्या धक्क्यावर उतरायचं, पुढच्या बोटीने परत यायचं. थोरली खिडकीतून हलेना. मध्येच आमची बोट ह्यांच्या जहाजाजवळून गेली. पांढरंशुभ्र, आमच्या गल्लीतली घरं एकावर एक रचली तरी वर पोचणार नाहीत एवढं उंच. "अप्पा तिथं अहेत?" थोरलीने विचारलं. मी हो म्हटलं. धाकटीने जहाजाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी.

बंदराच्या फाटकाशी आम्ही साडेअकरालाच येऊन बसलो. प्रवासी उतरत होते. एक गोरी बाई कडेवर धाकटीएवढं पोर घेऊन बसकडे निघाली होती. पोराने टोपी तिसऱ्यांदा खाली फेकली, तिने तिसऱ्यांदा उचलली आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मीही फिरवले. एवढंच, पण मला बरं वाटलं.

हे आले ते पावणेएकला. वाळले होते, कपाळ मोठं झालं होतं. अंगात निळा शर्ट, त्याला ठळक पांढरी बटणं. थोरली धावत गेली आणि कमरेला मिठी मारून बसली. मी म्हटलं, "पाऊण तास उशीर झाला तुम्हाला." ह्यांनी मान डोलावली आणि माझ्या पदराआड बघितलं. धाकटी तिथे होती.

ह्यांनी खाली बसून हात पुढे केले. ती आणखी आत गेली. ह्यांनी पिशवीतून बाहुली काढली. बाहुली तिने घेतली आणि पुन्हा पदराआड. चॉकलेटही घेतलं. माणूस तेवढा नको होता.

आम्ही झाडाखाली बसून जेवलो. भात खाताना ह्यांचे डोळे भरून आले, ते मी तिखटावर ढकललं. थोरलीची शाळा, दुसरीतल्या बाई, पडलेला दात, सगळं सांगून झालं. हे ऐकत होते, पण नजर सारखी धाकटीकडे. मी तिला पुढे ढकललं. "जा गे, अप्पांजवळ जा."

"हे अप्पा नव्हेत," ती म्हणाली. "अप्पा घरीं पेटींत अहेत."

हे हसले. मग पाण्याकडे तोंड करून भाताचा रिकामा डबा पुसत बसले. पहिल्यांदा मला ह्यांचा राग आला, की थांबतो म्हणून सांगताना हे कळलं नव्हतं का. मग तिचा आला. मग माझाच आला, कारण रोज रात्री पेटी खाली काढून देणारी मीच होते. तीन वाजून गेले होते. हा माणूस आता असाच परत गेला तर पुढचं वर्ष जहाजावर कसं काढेल, ह्याची मला खरंच धास्ती वाटली.

करायचं काय म्हणून पुन्हा बोटीत बसलो. ह्यांनी धक्क्यावरून चहाचा ग्लास घेतला होता. हे थोरलीबरोबर पुढच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसले. मी धाकटीला घेऊन मागे. चहा गरम होता. ह्यांना ठसका लागला, हे खोकले, आणि ग्लासवर दोनदा फुंकर मारली.

धाकटी ताठ झाली. तिने बाकाखाली बघितलं. माझी पिशवी उघडून बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पेटी कुठं?"

मी पुढे वाकून ह्यांच्या कानात सांगितलं, "मागं बघू नका. परत खोका, आणि कॅसेटमध्ये बोलता तसं बोला."

मग मागे न वळता हे खोकले. फू फू. "सुरू झालं कां? हां. आज आमचं जहाज कोच्चीला लागलं. आपण सगळी बोटींत बसलों. थोरली खिडकीशी. पापा अम्माच्या मांडीवर..."

पापा माझ्या मांडीवर नव्हतीच. ती उतरून बाकाला वळसा घालून ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली होती. चेहऱ्याकडे तिने बघितलं नाही. तिने ह्यांच्या खिशाला कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग एक बोट पुढे करून शर्टाचं वरचं बटण दाबलं.

हे बोलता बोलता थांबले.

तिने खालचं बटण दाबलं. हे सुरू झाले. वरचं दाबलं, थांबले. थोरली हसून हसून लोळायची बाकी राहिली. पलीकडचा धक्का आला, आम्ही उतरलोच नाही, त्याच बोटीने परत आलो, आणि तेवढ्यात त्या पोरीने ह्यांच्याकडून सहा बंदरं वदवून घेतली. बदकांची जागा आली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "बदकांना नक्को, मला दे." ह्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. तिने घेऊ दिलं. मी दुसरीकडे बघत होते, कारण मी बघितलं असतं तर बोटभर लोकांपुढे रडले असते.

साडेचारला फाटकाशी आलो तेव्हा ती ह्यांच्या कडेवर होती, बाहुली माझ्याकडे. पहारेकऱ्याने घड्याळ दाखवलं. ह्यांनी थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाले, "ह्या खेपेला थांबत नाही. रजेवर येतों." मी बरं म्हटलं. भांडायला सुचलंच नाही. मग हे धाकटीला माझ्याकडे द्यायला लागले, तर तिने शर्ट सोडला नाही. खालचं बटण दाबलं.

हे सुरू झाले नाहीत.

तिने पुन्हा दाबलं. मग त्याखालचं. मग एकेक करत सगळी. मी तिला ओढून घेणार होते. तेवढ्यात तिने ह्यांच्या खिशाजवळ तोंड नेलं, एकदा खोकली, आणि दोनदा फुंकर मारली.

"सुरू झालं कां?" तिने विचारलं.

"हां," हे म्हणाले. "आज आमचं जहाज कोच्चीला लागलं. तिथं मला पापा भेटली."