सतरा मेचे चणे

देवळात आलेला नवा माणूस सालोमीबाईंच्या हातून कधी सुटला नाही. रविवारची सातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, संपली की या बाई दाराजवळच्या चाफ्याखाली उभ्या. जुन्या माणसांकडे त्या बघतही नसत. जुनी माणसं कुठं पळून जाणार? शेवटच्या बाकावर बसणारे, प्रार्थना पाठ नाही म्हणून नुसते ओठ हलवणारे, आशीर्वाद संपायच्या आत चपला शोधणारे, असे लोक त्या बरोबर हेरायच्या आणि विचारायच्या, "कोणत्या बिल्डिंगीत आलात? मजला कितवा?" मजला विचारला की बाई घरी येणार, हे ठरलेलं.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. विरारच्या पश्चिमेला, राजोडीच्या वाटेवर, केळीच्या वाड्या विकून इमारती उठत होत्या. वाड्या विकणारे बाईंच्या करंजआळीतलेच, आणि बाहेरच्यांनी गाव बुडवलं म्हणून बोंब मारणारेही करंजआळीतलेच. त्या इमारतींत मंगळूरचे, गोव्याचे, नगर-जालन्याचे ख्रिस्ती येऊन राहू लागले. फादरांनी नव्या लोकांसाठी एक समिती नेमली आणि ती सालोमीबाईंच्या गळ्यात घातली. बाई नुकत्याच प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या; नवरा सेबॅस्टियन दोन वर्षांपूर्वी गेलेला. समितीत आणखी दोघे होते, ते फोटोपुरते.

बाईंची कामाची रीत ठरलेली होती. पहिल्या भेटीत फक्त नावगाव आणि मिस्सेच्या वेळा. दुसऱ्या भेटीत घरात अल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी, कुठं आहे ते बघायचं आणि बसून एकत्र प्रार्थना करायची. तिसऱ्या भेटीत काम द्यायचं. "आलेल्या माणसाच्या हातात झाडू द्या, गायनाचं पुस्तक द्या, काहीतरी द्या," त्या फादरांना बजावायच्या. "रिकाम्या हाताचा माणूस परत जातो." यातलं सगळं खरं होतं. मंगळूरचा रॉबर्ट, जो वर्षातून दोनदा देवळाचं तोंड बघायचा, तो बाईंच्या तिसऱ्या भेटीनंतर गायकवृंदात पेटी वाजवू लागला. त्याची बायको ग्लोरिया फुलांची सजावट बघू लागली. केवढी माणसं बाईंनी दारातून उचलून वेदीपर्यंत नेली! बाईंना त्याचा अभिमान होता, आणि अभिमान कबूल करताना त्या जीभ चावत नसत.

संपदा साळवे शहाण्णव साली आली. नगर जिल्ह्यातली, मिशनच्या शाळेत शिकलेली, मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. नवरा सुमेध एका छापखान्यात. तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीचा संसार. देवळात ती नेहमी शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायची. बाईंनी विचारलं, "पुढे का नाही येत?" तर म्हणाली, "आमच्याकडं आम्ही मागंच बसायचो, बाई." बाईंना त्याचा अर्थ कळला. आडनाव ऐकलं तेव्हाच कळला होता. साळवे म्हटल्यावर आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पणजोबा गावकुसाच्या कोणत्या बाजूला राहत होता ते. आळीतल्या लोकांच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतल्याला चारशे वर्षं झाली. पण सुंभ जळतो, पीळ जात नाही. धर्म नवा घेतला आणि जात मात्र जुनीच, कपाटात कापूर घालून ठेवलेल्या शालूसारखी जपून ठेवली.

बाई मात्र हट्टाला पेटल्या. तीन भेटींच्या जागी सात भेटी दिल्या. पायऱ्या चढून, धापा टाकत. संपदा पाणी आणायची, चहा टाकायची. बाई हात आडवा करायच्या. "मी भेटीला जाते तिथं काही घेत नाही हो. लोकांना भार नको." संपदाला त्यात बाईंचा मोठेपणाच वाटायचा. दोन वर्षांत ती मधल्या बाकावर आली, मग पुढच्या. तिचा आवाज स्वच्छ होता. बाईंनी तिला रविवारचं पहिलं वाचन दिलं. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग दिला. आळीत कोणी म्हातारं अंथरुणाला खिळलं की संपदा रात्रपाळी करून आलेली असली तरी जाऊन इंजेक्शन देऊन यायची. निकोलसकाकांची जखम तिने दीड महिना रोज धुतली. हे निकोलसकाका आळीचे पुढारी, आळीच्या क्रुसाजवळच्या दानपेटीची किल्ली त्यांच्याकडे. जखम धुताना त्यांना तिच्या हाताचं काही वाटलं नाही. औषधाला जात नसते, असं शास्त्रच आहे आपल्याकडे.

करंजआळीच्या तोंडाशी एक जुना दगडी क्रूस आहे. मे महिना मारिया मातेचा, म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी आळी तिथं जमते, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते, आणि शेवटी प्रसादाचे उकडलेले चणे वाटले जातात. एकेक दिवस एकेका घराचा. हे दिवस बापाकडून मुलाकडे येतात, वाडीसारखे. ज्याचा क्रुसाजवळ दिवस, तो आळीचा. बाकीचे सगळे भाडेकरू, मग फ्लॅट स्वतःच्या मालकीचा का असेना.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात संपदा बाईंना म्हणाली, "बाई, सगळं दिलंत मला. एक मागू? क्रुसाजवळ आमचा एक दिवस असावा. एकच."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत एकाही नव्या माणसानं हे मागितलं नव्हतं. रॉबर्टला तर क्रूस कुठं आहे हेही धड माहीत नव्हतं. सतरा मेचा दिवस मोकळा होता; ते घर कुलूप लावून कॅनडाला गेलं होतं. बाई निकोलसकाकांच्या ओट्यावर चार वेळा जाऊन बसल्या. काका नाही म्हणाले नाहीत. ते असं उघड नाही म्हणणाऱ्यांतले नव्हतेच. "बगू," म्हणाले, "लोकांना विचारू," म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पन घाई कशाला?" शेवटी बाईंनी विचारलं, "जखम भरली का हो पायाची?" तेव्हा काकांनी यादीत नाव लिहिलं. सतरा मे, साळवे कुटुंब.

संपदानं नवा टोप आणला. ॲल्युमिनियमचा, पन्नास माणसांचे चणे मावतील असा, आणि काठावर मशिननं नाव घालून: साळवे परिवार. तो घेऊन ती बाईंना दाखवायला आली. बाईंनी नाव वाचलं. ओट्यावर शेजारची कॅथरिनमावशी बसली होती, तिनंही वाचलं, नजर वळवली आणि उठून आपल्या घरी गेली. ती नजर बाईंना कळली.

"नव्या भांड्यात चणे खाली लागतात गं," बाई म्हणाल्या. "माझा पितळी टोप घेऊन जा. कल्हई आत्ताच केलीय."

खोटं बोलायला बाईंना कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी जमलं. बाईंच्या टोपावरही नाव होतं: चि. सेबॅस्टियन व सौ. सालोमी, १९६१. आळीतलं पोरसुद्धा तो टोप ओळखायचं. संपदाला वाटलं, बाईंनी लग्नातलं भांडं दिलं, केवढी माया! तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या नव्या टोपासोबत रिक्षात घालून घरी नेला.

सतरा तारखेला आळी जमली. दिवे लावले होते, क्रुसाला अबोलीचे हार होते. संपदानं नवी साडी नेसली होती. सुमेधनं रिक्षातून टोप आणून क्रुसाच्या पायरीवर ठेवला होता. रोझरीची पाच रहस्यं झाली, गाणं झालं. संपदानं झाकण काढलं, डावानं चणे घेतले आणि पहिल्या माणसापुढे धरले.

पहिला माणूस म्हणाला, "माजं पोट बरं नाय." दुसरी म्हणाली तिचा नवस आहे. तिसरीनं पोराचा हात धरून मागं ओढलं. निकोलसकाकांची बोटं अजून जपमाळेत अडकली होती. एवढी भक्ती त्यांनी जन्मात केली नव्हती. डाव हवेत तसाच. संपदा हसत होती, कारण तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि तोंडावरचं हसू काढायचं कसं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात कॅथरिनमावशीची नजर टोपाच्या काठावर गेली. "अगो, ह्यो तं सालोमीबायचा टोप! सालोमीबाय, चने तुज्याकडं शिजले काय?"

सगळी आळी बाईंकडे वळली. संपदाही वळली. तिच्या नजरेत भीती नव्हती. वर्गात मुलांना प्रश्न विचारल्यावर ती बघायची, तशी ती बघत होती. उत्तर आपल्याला माहीतच आहे आणि ते येणारच, अशी.

"हो," सालोमीबाई म्हणाल्या. "माझ्याकडेच."

मग काय विचारता! हात पुढे आले. पोटदुखी बरी झाली, नवस फिटला. पोरं दोनदोनदा रांगेत उभी राहिली. निकोलसकाकांनी ओंजळ भरून घेतले. "आज चव येगळीच हाय," कॅथरिनमावशी चघळत म्हणाली, "जिऱ्याची फोडनी कदी शिकलीस गो, बाय?" आळीत चण्यांना मीठ आणि खोबऱ्याचे काप, एवढंच. जिऱ्याची फोडणी नगरची, संपदाच्या आईची.

संपदा शेवटच्या माणसापर्यंत वाढत राहिली. डावातला एक दाणाही सांडला नाही. नर्सचा हात तो. सगळ्यात शेवटी तिनं बाईंपुढे डाव धरला आणि म्हणाली, "घ्या बाई. तुमचेच आहेत."

दुसऱ्या दिवशी सुमेध टोप देऊन गेला. चिंचेनं घासून लख्ख केलेला. त्यानंतर रविवारी वाचनाला संपदा आली नाही. वर्गालाही नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग बाई जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दुपारचे तीन वाजले होते, जूनचं कोंदट ऊन, घसा कोरडा पडलेला. दार संपदानंच उघडलं. आत या म्हणाली, खुर्ची दिली, पंखा लावला. सज्ज्यात नवा टोप ठेवलेला दिसला, टँकरचं पाणी भरून, वर लाकडी फळी. काठावरचं नाव भिंतीकडे केलेलं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "त्यांनी खावं म्हणून बोलले गं मी. तुझा दिवस फुकट जाऊ नये म्हणून."

"कळलं मला ते." संपदाचा आवाज चढला नाही. "मीही पेशंटला रोज खोटं सांगते, बाई. त्यानं मला तुमचा राग नाही आला. पण घरी येऊन विचार करत बसले. पाच वर्षांत तुम्ही आमच्याकडं किती वेळा आलात. आणि काय घेतलंत?"

"तो नियमच आहे माझा. तुला ठाऊक आहे."

"मलाही तसंच वाटायचं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परवा ग्लोरिया म्हणाली, सालोमीबाईंना माझा नारळाचा केक फार आवडतो. दर भेटीला दोन तुकडे खातात, एक बांधून नेतात."

देवाशप्पथ, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं कधी. ग्लोरियाच्या घरी नियम आठवायचा नाही, आणि इथं पहिल्या पायरीवरच आठवायचा. त्यांनी तो ठरवला नव्हता. तो त्यांच्या आधीपासून त्यांच्यात होता. सालोमीबाईंना स्वतःची शिसारी आली.

एक ग्लास पाणी मागावं, आत्ता, इथं, असं त्यांना फार वाटलं. पण पाच वर्षं हात आडवा केलेल्या घरात आज पाणी मागायचं कोणत्या तोंडानं? आणि संपदानं विचारलं नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही. बाई कोरड्या घशानं बसल्या, कोरड्या घशानं उठल्या.

साळवे कुटुंबानं वर्षभरात घर विकलं. कुठं गेले, कुणी म्हणतं विरारच्या पूर्वेला चंदनसारला, कुणी म्हणतं परत नगरला. बाईंनी शोधलं नाही. पुढच्या मे महिन्यात निकोलसकाकांनी क्रुसाजवळ यादी लावली, त्यात सतरा तारखेला लिहिलं होतं: सालोमी. "चने तं तुजेच होते गेल्या वर्षी," काका म्हणाले. "आनि जिरं घाल. लोकांना आवडलं." बाईंनी जिरं घातलं. आळीनं खाल्लं. बाईंच्या गळ्याखाली एक दाणा उतरला नाही, आणि हे दर वर्षीचं झालं.

दोन हजार सहा साली देवळानं त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. नव्या माणसांची आई, असं काहीबाही. समितीत आता वीस तरुण मुलंमुली होती. फादर म्हणाले, बाई, तुमची रीत या पोरांना सांगा. बाई उभ्या राहिल्या. पहिल्या भेटीत नावगाव, दुसऱ्या भेटीत प्रार्थना, तिसऱ्या भेटीत काम. पोरं वहीत लिहून घेत होती.

"आणि पहिल्याच भेटीत," बाई म्हणाल्या, "पाणी मागून प्यायचं. त्यांनी विचारायच्या आधी."

एल्रॉय नावाच्या मुलानं लिहिता लिहिता मान वर केली. "का, टीचर?"

सालोमीबाईंनी खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाल्या, "जिने चढून घसा सुकतो रे," आणि खाली बसल्या.