भूकंपानंतरची लेक

केवळाबाईच्या गल्लीत गेलात तर आधी कुलपंच भेटतील. घरं चांगली आहेत, सिमेंटची, ओळीनं नंबर टाकलेली. रस्ता एवढा रुंद की दोन बैलगाड्या गप्पा मारत शेजारी-शेजारी जाव्यात. पण आता बैलगाड्या नाहीत आणि गप्पाही नाहीत. एक घर केवळाबाईचं, टोकाचं लिंबाजीचं, आणि मधली एक-दोन घरं सोलरच्या कामावर आलेल्या बिहारी पोरांनी भाड्यानं घेतलेली. ती पोरं सकाळी लवकर जातात, दिवस बुडाल्यावर येतात आणि जाता-येता ‘अम्मा, नमस्ते’ म्हणतात. सख्ख्या पुतण्यांपेक्षा जास्त वेळा म्हणतात, हे केवळाबाई भेटेल त्याला ऐकवते. पुतणे पुण्याला असतात.

हे गाव भूकंपानंतर वसवलेलं. जुनं गाव कोसभर लांब, औशाकडच्या वाटेनं आत. तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढीग. त्या रात्री केवळाबाई आणि तिचा नवरा अण्णाराव शेतात होते. खळ्यावर उडीद पडला होता, राखणीला कुणीतरी हवं होतं. दोन लेकरांना बरोबर चला म्हटलं, तर ती म्हणाली, आज गणपती बुडवायचाय, आम्ही न्हाई येत. हट्ट करून आजीजवळ राहिली. पहाटे रान हललं, आणि दोघं धावत गावात आली तेव्हा गाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं हेच कळेना. दोन्ही लेकरं गेली, सासूही गेली. तेव्हापासून केवळाबाई छताखाली झोपत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो, तिचा बिछाना अंगणातल्या पत्र्याखाली. सरकारनं एवढं मजबूत घर बांधून दिलं. त्यात तिचे गहू झोपतात.

त्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. नर्सबाई दारोदार हिंडायची आणि दोन लेकरं झाली की बास म्हणायची. केवळाबाईनं शहाण्यासारखं ऐकलं होतं, धाकटं वर्षाचं झालं तेव्हाच ऑपरेशन करून घेतलं होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना तीच नर्सबाई परत आली. या खेपेला उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, मान खाली घालून.

“केवळाबाई, लातूरला जोडून द्यायलेत. होतंय परत. जाता का?”

केवळाबाईला आधी हसू आलं आणि मग ती एवढी रडली की शेजारच्या शेडमधल्या बाया धावल्या. कापा म्हटलं तेव्हा कापून घेतलं, आता जोडा म्हणता. माणसाचं पोट म्हणजे काय विजेची तार आहे? पण ती गेली. पाचजणी गेल्या होत्या गावातून. चौघींची कूस उजवली नाही. केवळाबाईला तिसऱ्या वर्षी दिवस गेले, आणि उज्वला झाली.

आता अशा लेकीचं किती कौतुक व्हावं? अण्णाराव तिला खाली पायच ठेवू देत नव्हता. शाळेत सोडायला खांद्यावर, आणायला खांद्यावर. मास्तर म्हणाले, अण्णाराव, पोरगी चौथीत गेली, आता उतरवा. पोरगी हुशार निघाली. आणि आपल्याकडं पोर हुशार निघालं की त्याचा रस्ता एकच, लातूरचा. त्या वर्षांत लातूरला क्लासचं असं पीक आलं होतं की नांदेडपासून उदगीरपर्यंतची शहाणी लेकरं तिकडंच जायची. अण्णारावानं रस्त्याकडचा तुकडा विकला, उज्वलाला वसतिगृहात ठेवली. दर रविवारी डबा घेऊन केवळाबाई बसनं जायची. क्लासच्या गल्ल्यांतून सगळी सोळा-सतरा वर्षांची तोंडं. म्हातारं माणूस औषधालाही दिसायचं नाही. संध्याकाळी ती परत यायची तर गावात एकही पोर दिसायचं नाही. गाव आणि लातूर यांनी आपसांत माणसं वाटून घेतली होती म्हणायची.

डॉक्टरकी थोडक्यात हुकली. उज्वलानं नर्सिंग केलं. पुढं पुण्याला नोकरी धरली, तिथंच जर्मन भाषा शिकली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णाराव गेला. आणि वर्ष उलटलं तेव्हा उज्वला जर्मनीला गेली. तिथं म्हाताऱ्यांचं एक मोठं घर आहे, त्यात ती काम करते. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं.

केवळाबाईला हे काम आधी समजलंच नाही.

“त्या म्हाताऱ्यांना लेकरं न्हाईत का गं?”

“हायत की.”

“मग?”

“लांब राहतात, आई.”

फोन ठेवल्यावर केवळाबाई लिंबाजीला म्हणाली, “बघा, साहेबाच्या मुलखातबी तसंच हाय.” त्यात तिला थोडं बरंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, लिंबाजीच्या रानात बोअरची गाडी आली. रान गल्लीला लागूनच. केवळाबाई घरात गहू निवडत बसली होती. मशीन सुरू झालं आणि पायाखालची फरशी गुणगुणायला लागली. डब्यांची झाकणं वाजली. विचार करायला तिला वेळच मिळाला नाही. सूप फेकून ती धावली, आणि दारातून ओरडली, “भूकंप! निघा रे, बाहेर निघा! लेकरं घ्या!” सगळी गल्ली कुलपांची. निघायला घरात कुणी नव्हतं. ती पायरी चुकली आणि कुशीवर पडली.

किती वेळ पडून होती तिला माहीत नाही. बोअरच्या गाडीवरची मद्रासकडची माणसं पाणी मागायला आली, त्यांनी पाहिलं. त्यांची भाषा हिला कळेना, हिची त्यांना. एकानं आपलं उपरणं तिच्या डोक्याखाली सारलं. त्यांच्याच गाडीनं ती लातूरला पोचली. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत सळई बसली.

लिंबाजी उज्वलाला फोन लावायला निघाला तर केवळाबाईनं दवाखान्यात त्याला शपथ घातली. उज्वलाचे कायमच्या मुक्कामाचे कागद व्हायला थोडंच राहिलं होतं. मधेच सोडून आली तर सगळं पाण्यात. एवढं केवळाबाईला ठाऊक होतं. मग पुढचे काही आठवडे लेकीचा व्हिडिओ फोन आला की ती तो तोंडाजवळ धरायची, पदर नीट करायची आणि रेंजला शिव्या घालायची. पण लेक काय कामाला होती ते ती विसरली.

“आई, उठून उभी राहा बरं.”

“कशाला?”

“पाणी आण. माझ्यासमोर पी.”

“तहान न्हाई मला.”

“आई, मी दिवसभर हेच बघते. तू एका अंगावर बसलीस. काय मोडलंय?”

मग दोघी रडल्या. उज्वला म्हणाली, “मी येते. सगळं सोडून येते. तू नुसतं ये म्हण.” केवळाबाई म्हणाली, “बघू.” उज्वलानं तिथं बसून लातूरच्या एका संस्थेत पैसे भरले, आणि दोन दिवसांत कमलम्मा दारात उभी राहिली.

कमलम्मा उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. चाळिशीची, अंगानं दणकट. केवळाबाईला ‘अव्वा’ म्हणायची. पहिले आठ दिवस केवळाबाईनं तिला जवळ उभंही केलं नाही. माझं मी करीन, हात लावू नको, असं म्हणत भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची आणि अर्ध्यात अडकायची. कमलम्मा मागं नुसती उभी राहायची. एकदा केवळाबाई अडकली आणि चिडून म्हणाली, “बघत काय राहिलीस?” त्या दिवसापासून जमलं. अंगणातल्या पत्र्याखाली दुसरा बिछाना पडला. कमलम्मानं कारण विचारलं नाही. तिनं दोन घोंगड्या तेवढ्या जास्त आणल्या.

कमलम्माची एकुलती एक पोरगी भाग्यश्री लातूरलाच क्लासला होती. तिच्याच फीसाठी आई परक्या म्हातारीचे पाय चेपत होती. कमलम्माला त्याचं दुःख नव्हतं, उलट तोरा होता. “अव्वा, माझी भागी तुमच्या उज्वलासारखी झाली पाहिजे,” असं ती दिवसाआड म्हणायची. केवळाबाई हं म्हणायची आणि कूस बदलायची.

खरं सांगायचं तर केवळाबाईचं ठरलं होतं. न्हाऊ घालताना कमलम्माचा हात पाठीवरून फिरला की तिला वाटायचं, हा उज्वलाचा हात हवा होता. माझ्या लेकीचा हात तिकडं कुण्या परक्या बाईच्या पाठीवर फिरायलाय. चीड यायची, मग चिडीची लाज वाटायची. जगाची रीत, पोरीचं कल्याण, सगळं तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग, संध्याकाळ सरत नव्हती. दोन लेकरं मातीनं नेली, तिसरं तिनं पोट फाडून परत मागून घेतलं होतं, ते एवढ्या लांब बघायला नव्हे. एकदा फोनवर ‘ये’ म्हणायचं. एक अक्षर. अंगणात पडल्या-पडल्या ती ते मनात म्हणून बघायची, कधी रागानं, कधी लाडानं.

येळवस आली. दर्श अमावस्येला आपला सगळा मुलूख रानात जातो, लातूर बंद पडतं, क्लासही बंद पडतात. भाग्यश्री आईकडं आली. लिंबाजीनं आपल्या टेम्पोत केवळाबाईला वॉकरसकट बसवून शेतात नेलं. शेत वाट्यानं कसणाऱ्या बटईवाल्यानं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून ठेवली होती, आत मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांना चुना दिला होता. पूजा झाली. सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी मात्र केवळाबाईनं बसून, कमलम्माच्या हातून, पूर्वीच्याच अंदाजानं करवून घेतली होती. थोडी भज्जी करायची तिला येतच नाही. एवढा मोठा हंडा आणि खाणारी चार-पाच माणसं. शेजारच्या रानातही तेच. हंडे मोठे, हाकाही मोठ्या, माणसं म्हातारी. शेवटी लिंबाजी सोलरवाल्या पोरांना बोलवायला गेला.

तेवढ्यात उज्वलाचा फोन आला. तिथं नुकतं उजाडत होतं, ती कामाला निघायच्या बेतात होती. तिला कोप दाखवली, पांडव दाखवले, आंबिलीनं भरलेलं बिंदगं दाखवलं. ती बघतच राहिली आणि म्हणाली, “वास यायलाय मला.” मग कमलम्मानं पोरीला पुढं ढकललं. भाग्यश्री आधी लाजली आणि मग सुटलीच. ताई, नर्सिंगला किती मार्क लागतात, ताई, भाषा किती दिवसांत येते, तिथं एकट्या पोरीला भ्या वाटत न्हाई का. उज्वला एकेकाचं उत्तर मन लावून देत होती. असं मोकळं बोलणं केवळाबाईच्या वाट्याला कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

“आणि ताई, परत कधी येणार?” भाग्यश्रीनं विचारलं.

उज्वला फोनजवळ सरकली. “आईनं ये म्हटलं तर आजच राजीनामा देते. आईनं म्हणायला पाहिजे. आई, सांग ना. खरंच सांग.”

फोन केवळाबाईच्या हातात आला. समोर कमलम्मा हात पुसत उभी, शेजारी तिची पोरगी, डोळे मोठे करून. लेकीचं तोंड फोनवर एवढं जवळ की नाकावरचा तीळही दिसत होता. केवळाबाईच्या जिभेवर ते अक्षर तयार होतं. पण सगळी ऐकत होती. आणि लेकराच्या वाटेत आई आडवी पडली असं बोलणं तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

“इथं काय ठेवलंय?” ती म्हणाली. “मला काय धाड भरलीय? कमलम्मा हाय. तू तिथंच राहा. कागद होऊ दे.”

“खरं?”

“हाव. जा, तुझ्या म्हाताऱ्या उठल्या असतील.”

उज्वला हसली. त्या हसण्यात सुटका होती, आणि ती केवळाबाईला स्पष्ट दिसली. फोन बंद झाला. कमलम्मानं डोळ्यांना पदर लावला. “अव्वा, तुमचं मन लई मोठं बघा.”

“मोठं न्हाई गं,” केवळाबाई म्हणाली. “मला ये म्हणायचं होतं. रोज म्हणायचं असतंय. एकटीनं लई कठीण जातंय, कमलम्मा. तुझ्या पोरीला तिकडं धाडू नको.”

कमलम्मानं वळून आपल्या पोरीकडं पाहिलं. भाग्यश्री कोपीच्या सावलीत बसून मोबाइलवर कुण्या शिकवणाऱ्या बाईचा जर्मनचा पहिला धडा लावून बसली होती, आणि त्या बाईच्या मागोमाग एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होती.