प्लग काढलेलं शटर

या सदरातले अनुभव मी वाचते ते खरं तर चुका काढायला. 'दिवा आपोआप लागला' असं कोणी लिहिलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो, वायरिंग तपासलं का? महापेच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं सर्किट बोर्ड टेस्ट करायचं काम केलं. बोर्ड बंद पडला तर कारण असतंच, फक्त शोधायला वेळ लागतो, एवढ्यावर माझा विश्वास. बाकी कशावर नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

बेलापूरला डोंगराच्या बाजूला रो-हाऊसेस आहेत, त्यातल्या गल्लीतलं शेवटचं घर माझं. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी होतो, आता मी एकटी. वय एकोणसाठ. खाली छोटं गॅरेज, त्याला लोखंडी शटर. खांदा आखडल्यापासून ते ओढवेना, म्हणून मोटर बसवून घेतली. रिमोट दाबला की शटर वर.

पण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. जाते, आणि येताना असा झटका देते की एखादी वस्तू जळतेच. पहिल्या वर्षात मोटरचा कंट्रोल बोर्ड दोनदा गेला. दुसऱ्यांदा मी स्वतःच उघडून बघितला... एक कोपरा काळा पडलेला. मग मनावर घेतलं. अर्थिंग नवीन करून घेतलं, मोटरच्या लाईनला सर्ज प्रोटेक्टर लावला. असा झटका आला की हा डबा तो आधी स्वतःवर घेतो, आत पोचू देत नाही. तरी जवळ वीज पडली तर कुठलाच प्रोटेक्टर पुरा पडत नाही. तेव्हा एकच उपाय — प्लग काढून ठेवायचा. गडगडायला लागलं की मी गॅरेजमध्ये जाऊन प्लग काढायची. सॉकेट वर, छताजवळ. स्टुलावर चढावं लागायचं.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मंगळवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास आभाळ भरून आलं, लाईट गेली, आणि डोंगरावर कडाडलं. मी घरातल्या दारानं गॅरेजमध्ये गेले, स्टुलावर चढले, प्लग काढला. तो हातातून सोडल्याचं, वायरीला लोंबकळत राहिल्याचं मला स्पष्ट आठवतं. उतरताना स्टूल कलंडलं.

कंबरेत काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

भानावर आले तेव्हा काळोख. उजवा पाय हलेना. मोबाईल किचनच्या ओट्यावर. दारापर्यंत सरकायचा प्रयत्न केला, वीतभर सरकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुष्कळ ओरडले. बाहेर पाऊस धो-धो, शटर बंद. कोणाला ऐकू जाणार?

मग मी हिशोब करायला लागले, मी नाही हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? कामवाली रत्ना गावी गेलेली, शुक्रवारी येणार. बहीण नाशिकला, तिचा फोन रविवारी. जुन्या ऑफिसमधल्या मैत्रिणींचे सकाळी ग्रुपवर मेसेज येतात, पण मी उत्तर दिलं नाही म्हणून कोणी चौकशी केलेली नाही कधी. दूधवाला पिशवी कडीला लावून जातो. दोन पिशव्या साठल्या तरी तो तिसरी लावेल... खरं सांगते, दुखण्यानं डोळ्यांत पाणी नाही आलं, ते या हिशोबानं आलं. एकेक नाव घेत होते आणि एकेक नाव गळत होतं.

शेवटी ओरडायचीही ताकद उरली नाही. आपण अनोळखी घरात शिरताना विचारतो ना, तसं हळूच विचारलं, "कोणी आहे का?"

वर 'टक्' झालं.

तो रिलेचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचचा आवाज. बत्तीस वर्षांत हजारो वेळा ऐकलेला, त्यात माझी चूक होणार नाही. मग मोटरची घरघर. शटर खालून उचललं गेलं, उजेडाची पट्टी माझ्या हातावर आली, वाढत गेली. हात-दीड हात वर जाऊन शटर थांबलं. त्या उजेडात मी वर पाहिलं. प्लग तसाच लोंबकळत होता.

समोरच्या हिराबाई पडवीत उभ्या होत्या. इथल्या जुन्या गावातल्या, सत्तरी उलटलेल्या. आमचं बोलणं म्हणजे 'जेवलात का' इतपतच. त्यांना जमिनीवर माझा हात दिसला.

"अगो बाय! ताई, कशी परलीस गो?" त्या भर पावसात धावत आल्या, वाकून आत शिरल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं. "हालू नको, पोरांना हाक मारते."

"किती वाजले?" मी विचारलं.

"पाच वाजून गेलं. लाईट तं दुपारपासून नाय. मंग शटर कुनी उघारला?"

मी पुन्हा वर प्लगकडे पाहिलं.

ऑपरेशन झालं, पायात रॉड आहे, काठीनं चालते. घरी आल्यावर मोटरवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं खोलून बघितलं. "मॅडम, याला बॅटरी बॅकअप नाहीच. कॅपॅसिटरमध्ये करंट राहिला असेल." तो क्षणभर राहतो, दीड तास नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. जवळ वीज पडून झालं म्हणावं तर बोर्ड जळायला हवा होता. तो मी स्वतः मीटर लावून तपासला. ठणठणीत. सगळे म्हणतात, आई असेल. पण आई गेल्यावर दोन वर्षांनी मोटर बसली. आणि आईची चाहूल मला कळली असती. तसं काहीच वाटलं नव्हतं.

हिराबाई आता रोज संध्याकाळी येऊन बसतात. प्लगचं त्यांना एकदाच सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुनीतरी होता म्हनून उघारला. तू कशाला ईचार करतेस?"

त्यांचं समाधान झालं. माझं होत नाही. कारण त्या दिवशी त्या घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हतं... दीड तास पडून मी तेवढ्या एकाच गोष्टीची पक्की खात्री करून घेतली होती.